सॉफ्ट चीज डाएटमध्ये चालतं का? आधी कोणतं ते सांगा

डाएट कोणतंही धरा, पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न येतो: सॉफ्ट चीज चालेल का? एक जण छातीठोकपणे सांगतो, बिनधास्त खा, प्रोटीन आहे. दुसरा म्हणतो, हातही लावू नका, निव्वळ फॅट आहे. गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळं चीज असतं. १०० ग्रॅम कॉटेज चीजमध्ये साधारण १०० कॅलरी असतात, तर क्रीमपासून होणाऱ्या तेवढ्याच मस्कारपोने या इटालियन चीजमध्ये ४०० च्या वर. दोन्ही पांढरी, दोन्ही ताजी, दोन्ही चमच्यानं खाण्याजोगी. आहाराच्या दृष्टीनं मात्र त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

म्हणून ‘सॉफ्ट चीज’ या नावावर कुठलाही निर्णय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी तीन गोष्टी बघाव्यात. त्यात पाणी किती आहे आणि पाणी वगळून काय उरतं? दूध कशानं फाडलंय? आणि ते किती दिवस मुरलंय? या तीन उत्तरांवर कीटोपासून लो-फॉडमॅपपर्यंत (नाजूक पोटासाठी, सहज न पचणारी काही कार्ब टाळणारं डाएट) बहुतेक डाएटचा निकाल लागतो.

दुधाचं चीज होताना काय होतं

दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असतं. उरलेल्यात फॅट, केसीन नावाचं मुख्य प्रोटीन, थोडी इतर प्रोटीन्स, लॅक्टोज ही साखर आणि कॅल्शियमसारखी खनिजं. चीज करायचं म्हणजे केसीन एकत्र आणून त्याचं जाळं विणायचं, त्या जाळ्यात फॅट अडकवायचं आणि पाणी काढून टाकायचं. बाहेर पडणाऱ्या पाण्याला निवळी म्हणतात. निवळीबरोबर बहुतांश लॅक्टोज निघून जातं.

किती निवळी काढली, त्यावर चीजचा मऊपणा ठरतो. पार्मेझानमध्ये पाणी जेमतेम ३० टक्के, चेडरमध्ये ३७ च्या आसपास. ब्री या बुरशीनं मुरवलेल्या मऊ चीजमध्ये ते निम्म्यावर येतं, फेटामध्ये ५५ टक्के, रिकोटामध्ये ७० च्या पुढे आणि कॉटेज चीजमध्ये ८० च्या घरात. म्हणजे कॉटेज चीज खाताना तुम्ही प्रामुख्यानं पाणीच खात असता, आणि वजन कमी करणाऱ्यांना ते पथ्यावर पडतं.

दूध फाडायच्या पद्धतीही वेगवेगळ्या. रेनेट नावाचं एन्झाइम घातलं की दूध झटपट घट्ट होतं आणि केसीनला चिकटलेलं कॅल्शियम बरंचसं तिथेच राहतं. उलट विरजण लावून दूध हळूहळू आंबवलं, तर आम्लामुळे हे कॅल्शियम सुटून निवळीत विरघळतं आणि तिच्याबरोबर निघून जातं. तिसरी पद्धत म्हणजे उष्णता आणि आम्ल एकत्र. रिकोटा असंच होतं, आणि तेही मूळचं निवळीपासून: चीज करून उरलेली निवळी पुन्हा तापवली की केसीनच्या जाळ्यातून निसटलेली प्रोटीन्स वर तरंगून येतात. मस्कारपोनेसाठी दुधाऐवजी थेट क्रीमच तापवतात आणि त्यात आम्ल घालतात. त्याच्या कॅलरी कुठून येतात, हे वेगळं सांगायला नको.

कीटो आणि लो-कार्ब

कीटो डाएट आज वजन घटवण्यासाठी गाजतं, पण त्याची सुरुवात फिट्स येणाऱ्या रुग्णांपासून झाली. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी एपिलेप्सीच्या उपचारासाठी ते सुचवलं. दिवसभरातली कार्बोहायड्रेट्स साधारण २० ते ५० ग्रॅमच्या आत ठेवायची आणि शरीराला फॅटवर चालायला लावायचं, ही त्यामागची कल्पना.

इथे ब्री आणि तिच्याच जातीचं कामांबेर यांना आव्हानच नाही. १०० ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमही कार्ब नसतात. फेटामध्ये ४ ग्रॅम, क्रीम चीजमध्ये ५ च्या आसपास. तीसेक ग्रॅमचा तुकडा घेतला तर हे आकडे नगण्य आहेत. घोळ होतो तो कॉटेज चीज आणि रिकोटाच्या बाबतीत. आकडा छोटाच दिसतो, १०० ग्रॅमला ३ ते ७ ग्रॅम, पण ही चीज कोणी ३० ग्रॅम खात नाही, वाटीभर खातं. २० ग्रॅमची मर्यादा पाळणाऱ्याचा एक-तृतीयांश कोटा तिथेच संपू शकतो. फळांच्या चवीची तयार कॉटेज चीज मिळतात, त्यात वरून साखरही असते. ती कीटोवाल्यांनी सरळ विसरावीत.

आणखी एक खाच म्हणजे ‘लो-फॅट’ क्रीम चीज. फॅट कमी केलं की ती जागा दुधातले बाकीचे घटक आणि घट्टपणा आणणारे पदार्थ घेतात, त्यामुळे कार्ब वाढतात. कीटोवर असताना लो-फॅटचा डबा उचलणं म्हणजे एका डाएटचे नियम दुसऱ्या डाएटला लावणं. असं करणारे बरेच भेटतात.

प्रोटीन हवंय, कॅलरी नकोत

कॉटेज चीजमध्ये १०० ग्रॅमला ११ ग्रॅम प्रोटीन असतं, क्रीम चीजमध्ये ६. फरक दुपटीचाही वाटत नाही ना? आता २० ग्रॅम प्रोटीन मिळवायचं ठरवा. कॉटेज चीज सुमारे १८० ग्रॅम लागेल आणि १८० च्या आसपास कॅलरी जातील. क्रीम चीजमधून तेवढंच प्रोटीन काढायचं तर ३३० ग्रॅमहून जास्त खावं लागेल आणि कॅलरी होतील जवळपास १,१५०. म्हणजे क्रीम चीज हा प्रोटीनचा पदार्थ नाहीच. लोण्यासारखा लावायचा पदार्थ म्हणून तो छान आहे, तसाच मोजावा. ब्री या दोहोंच्या मध्ये: २० ग्रॅम प्रोटीनसाठी सुमारे १०० ग्रॅम ब्री आणि ३३० कॅलरी.

प्रोटीनसाठी कॉटेज चीज ही काही सोशल मीडियाची देणगी नव्हे. पहिल्या महायुद्धात मांसाची बचत व्हावी म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्यानं कॉटेज चीज खा, मांस कमी लागेल, असं सांगणारी पोस्टर्स काढली होती. युक्तिवाद तेव्हाही तोच होता.

मात्र कॉटेज चीज खाऊन कॅल्शियमचंही भागेल असं समजू नका. ते मुख्यतः आम्लानं साकळतं, त्यामुळे कॅल्शियम निवळीत निघून जातं. १०० ग्रॅमला जेमतेम ८० मिलिग्रॅम उरतं. रिकोटामध्ये २०० च्या आसपास आणि फेटामध्ये ५०० च्या जवळ. प्रौढ माणसाची दिवसाची गरज साधारण १,००० मिलिग्रॅम आहे हे लक्षात घेतलं, तर कॉटेज चीजचा वाटा किती तोकडा आहे ते कळतं.

लेबलवरचा फसवा टक्का

युरोपियन चीजच्या वेष्टनावर कधी ‘४५% फॅट’, कधी ‘६०% फॅट’ असं छापलेलं असतं आणि डाएट करणारा माणूस ते वाचून दचकतो. हा आकडा बऱ्याचदा कोरड्या भागातल्या फॅटचा असतो, म्हणजे पाणी पूर्ण काढून टाकलं तर जे उरेल त्यातला. असं का करतात? चीज मुरताना पाणी उडत राहतं, त्यामुळे एकूण वजनातला फॅटचा टक्का आज वेगळा, महिन्याभरानं वेगळा. कोरड्या भागातला टक्का मात्र तोच राहतो.

हिशेब सोपा आहे. कामांबेरवर कोरड्या भागाचे ४५ टक्के लिहिलेत आणि त्यात निम्मं पाणी आहे, तर १०० ग्रॅममध्ये प्रत्यक्षात २२-२३ ग्रॅम फॅट आहे. एखाद्या ताज्या चीजवर ४० टक्के लिहिलेत, पण त्यात ८० टक्के पाणी आहे, तर प्रत्यक्ष फॅट फक्त ८ ग्रॅम. ‘ट्रिपल क्रीम’ प्रकारच्या चीजमध्ये कोरड्या भागाच्या किमान ७५ टक्के फॅट असतं. तिथे पाणी धरूनसुद्धा १०० ग्रॅमला ३५ ते ४० ग्रॅम फॅट हाती लागतं. तेव्हा समोरच्या बाजूचा मोठा आकडा सोडा, मागचा पोषणाचा तक्ता वाचा.

मेडिटेरेनियन, डॅश आणि मिठाचा प्रश्न

मेडिटेरेनियन आहार प्रसिद्ध झाला तो अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्यामुळे. १९५८ मध्ये त्यांनी सात देशांतल्या पुरुषांचा आहार आणि हृदयविकार यांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. २०१० मध्ये युनेस्कोनं या आहारपरंपरेला अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. या आहारात चीज आहे, पण बेताचं. ताटाचा मुख्य भाग भाज्या, कडधान्यं, धान्यं आणि ऑलिव्ह तेल. त्यावर चीज कुस्करून टाकायचं, चवीपुरतं. पाव किलो वितळवलेल्या चीजमध्ये भाजी बुडवून त्याला मेडिटेरेनियन म्हणायचं असेल तर हरकत नाही, पण मग त्या आहाराच्या फायद्यांची अपेक्षा धरू नये.

या आहाराचं ठरलेलं चीज म्हणजे फेटा. युरोपियन युनियननं २००२ मध्ये हे नाव ग्रीससाठी राखून ठेवलं. खरं फेटा किमान ७० टक्के मेंढीच्या दुधाचं असतं, उरलेलं बकरीचं चालतं, आणि ते किमान दोन महिने मुरावं लागतं, तेही मिठाच्या पाण्यात. फेटाची चव त्या मिठाच्या पाण्यातून येते आणि अडचणही तिथूनच सुरू होते. १०० ग्रॅम फेटामध्ये ९०० ते १,१०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला २,००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. काडेपेटीएवढा ३० ग्रॅमचा तुकडा खाल्ला की त्यातले ३०० गेले.

रक्तदाबासाठी आखलेल्या डॅश आहारात म्हणूनच काळजी घ्यावी लागते. या आहाराची पहिली मोठी चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात भाज्या-फळांबरोबर कमी फॅटच्या दुधाच्या पदार्थांना मुद्दाम जागा दिली आहे, दिवसाला दोन-तीन वेळा. त्यामुळे लोकांना वाटतं, लो-फॅट कॉटेज चीज म्हणजे डॅशसाठीच बनलेलं. तर तसं नाही. अर्धा कप कॉटेज चीजमध्ये ३५० ते ४५० मिलिग्रॅम सोडियम असू शकतं, आणि ते फारसं खारट लागतही नाही. मीठ मुख्यतः दाण्यांवरच्या पातळ क्रीममध्ये असतं. चाळणीत घालून वाहत्या पाण्याखाली धुतलं तर बरंच मीठ निघून जातं, पण आधीच तोकडं असलेलं कॅल्शियमही थोडं जातं आणि चव तर जातेच. त्यापेक्षा रिकोटा घ्या. १०० ग्रॅमला १०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम, म्हणजे फेटाच्या दहाव्या हिश्शाएवढं. फेटा सोडवत नसेल तर वापरण्याआधी तो तुकडा साध्या पाण्यात भिजवून ठेवा, मीठ थोडं उतरतं.

सॅच्युरेटेड फॅटचा मुद्दाही याच मंडळींना सतावतो. ब्रीच्या ३० ग्रॅममध्ये सुमारे ५ ग्रॅम असतं, आणि २,००० कॅलरी खाणाऱ्यासाठी दिवसाची नेहमीची मर्यादा २२ ग्रॅमच्या आसपास आहे. इथे एक दिलासा आहे: तेवढंच फॅट लोण्यातून आणि चीजमधून देऊन केलेल्या चाचण्यांत चीज खाणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल लोणी खाणाऱ्यांपेक्षा कमी वाढलेलं दिसलं. पण या चाचण्या बहुतेक करून कडक चीजवर झाल्या आहेत. त्यांचा दाखला देऊन मस्कारपोनेचा डबा संपवणं जरा जास्तच होईल.

लॅक्टोज आणि नाजूक पोट

मऊ चीजमधला सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. ताजं आणि हलकं दिसणारं चीज पोटाला सोसेल आणि बुरशीचं, वासाचं चीज बाधेल, असं वाटतं. लॅक्टोजच्या बाबतीत नेमकं उलटं आहे.

कामांबेरचा एक गोळा मधोमध कापून बघा. बाहेर पांढरी मखमली बुरशी, तिच्या आत पिवळसर, जवळजवळ वाहणारा थर, आणि चीज कोवळं असेल तर अगदी मध्यभागी खडूसारखा पांढरा, भुसभुशीत गाभा. कामांबेर बाहेरून आत मुरतं. विरजणातल्या जिवाणूंनी उरलंसुरलं लॅक्टोज आधीच खाऊन त्याचं लॅक्टिक आम्ल केलेलं असतं. मग वरची बुरशी ते आम्ल खाते, प्रोटीन तोडून अमोनिया सोडते, आणि आंबटपणा कमी होत होत कडेचा भाग मऊ पडतो. जसजसे आठवडे जातात तसा तो पांढरा गाभा आकसत जातो. तुमच्या ताटात येईपर्यंत लॅक्टोज नावालाच उरलेलं असतं.

ताज्या चीजला ही मुदतच मिळत नाही. कॉटेज चीज, रिकोटा आणि क्रीम चीजमध्ये लॅक्टोज शिल्लक राहतं, आणि रिकोटा तर लॅक्टोजनं भरलेल्या निवळीतूनच जन्माला येतं. तरी घाबरून जायचं कारण नाही. लॅक्टोज न पचणारे बरेच जण एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न होता सोसतात, म्हणजे साधारण कपभर दुधाएवढं. अर्धी वाटी रिकोटा त्याच्या बरंच आत राहतं.

इरिटेबल बॉवेलच्या त्रासासाठीचं लो-फॉडमॅप डाएट ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातून आलं. त्यातही हाच नियम लागू पडतो: ब्री, कामांबेर, फेटा चालतात, रिकोटा, कॉटेज चीज आणि क्रीम चीज थोड्या प्रमाणात किंवा लॅक्टोज-फ्री. हे डाएट कायमचं नाही. काही आठवडे पदार्थ बंद करून मग एकेक परत घेऊन बघायचं असतं. कितीतरी लोक पहिल्या टप्प्यावरच अडकून वर्षानुवर्षं सगळं टाळत बसतात.

दुधाची अ‍ॅलर्जी ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट. ती प्रोटीनची असते, साखरेची नाही. अशा माणसाला मुरलेलं, ताजं, लॅक्टोज-फ्री यातलं काहीच चालत नाही, आणि बकरीच्या दुधाचं चीजही सहसा नाही.

शाकाहारी, व्हीगन, पॅलिओ

चीज शाकाहारी आहे की नाही, हे रेनेट ठरवतं. पारंपरिक रेनेट कोवळ्या वासराच्या पोटातून मिळतं. कामांबेर द नॉर्मंडीसारख्या संरक्षित नावाच्या चीजमध्ये आजही तेच वापरतात. पण आता सूक्ष्मजीवांपासून मिळणारं रेनेट सर्रास वापरलं जातं. वासराच्या पोटातलंच कायमोसिन हे एन्झाइम किण्वनातून तयार करायला अमेरिकेत १९९० मध्ये परवानगी मिळाली. पोर्तुगालमधल्या सेरा दा एस्त्रेलासारख्या मेंढीच्या मऊ चीजमध्ये तर कार्डून या काटेरी झाडाच्या फुलांनी दूध साकळवतात. रिकोटा, मस्कारपोने आणि क्रीम चीज आम्लानं होतात, त्यामुळे त्यात सहसा वेगळं रेनेट घालत नाहीत. मात्र ज्या निवळीपासून रिकोटा होतं ती आधीच्या चीजची असते, आणि त्या चीजला कोणतं रेनेट वापरलं हा प्रश्न उरतोच. काटेकोर शाकाहारी माणसानं लेबल वाचलेलं बरं.

व्हीगन लोकांसाठी दुधाचं चीज बाद. युरोपियन न्यायालयानं २०१७ मध्ये निव्वळ वनस्पतिजन्य पदार्थांना ‘चीज’ म्हणून विकायला मनाई केली, पण पर्याय भरपूर आहेत आणि इथेही नावाखाली दोन वेगळ्या वस्तू खपतात. काजू भिजवून, वाटून, आंबवून केलेल्या चीजमध्ये थोडं प्रोटीन असतं. खोबरेल तेल आणि स्टार्चपासून केलेल्यात ते जवळपास शून्य, वर सॅच्युरेटेड फॅट भरपूर. प्रोटीनसाठी रिकोटाची जागा भरायची तर कुस्करलेला टोफू सरस. ‘लॅक्टोज-फ्री’ म्हणजे व्हीगन नव्हे, आणि अमेरिकेत ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या पदार्थातही दुधातलं केसीनेट असू शकतं.

पॅलिओ (आदिमानवाच्या आहारावर बेतलेलं डाएट) आणि होल३० (काही पदार्थ काही काळ पूर्ण बंद करणारं डाएट) यांत कोणतंच चीज बसत नाही. होल३० तीस दिवसांचंच असतं, त्यानंतर दुधाचे पदार्थ पुन्हा घेऊन बघतात. तेव्हा आधी मुरलेलं मऊ चीज घ्यावं आणि मग ताजं, म्हणजे त्रास झाला तर तो लॅक्टोजचा की आणखी कशाचा याचा अंदाज येतो.

डाएटपेक्षा मोठे दोन अपवाद

गरोदरपणात कॅलरी-कार्ब बाजूला ठेवून लिस्टेरियाचा विचार करावा लागतो. हा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि त्याला ओलावा हवा असतो, आंबटपणा नको. कामांबेरमधली बुरशी आम्ल खाऊन टाकते हे वर आलंच, म्हणजे ती लिस्टेरियाला घर तयार करून देते. १९८५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात मेक्सिकन पद्धतीच्या ताज्या मऊ चीजमधून मोठी साथ पसरली आणि तिचा सर्वाधिक फटका गरोदर बायका व अर्भकांना बसला. कच्च्या दुधाचं मऊ चीज या काळात नकोच. ब्रिटनची आरोग्यसेवा तर ब्री-कामांबेर पाश्चराइज्ड असली तरी, वाफा येईपर्यंत शिजवल्याशिवाय खाऊ नका म्हणते. पाश्चराइज्ड दुधाचं कॉटेज चीज, क्रीम चीज आणि रिकोटा यांना तिची हरकत नाही.

दुसरा अपवाद नैराश्यावरच्या एमएओ इनहिबिटर गटातल्या औषधांचा. चीज मुरताना प्रोटीन तुटून टायरामिन तयार होतं. एरवी शरीर ते सहज संपवतं, पण ही औषधं नेमका तोच मार्ग बंद करतात आणि रक्तदाब एकदम भडकू शकतो. म्हणजे ज्या मुरण्यामुळे लॅक्टोज संपतं आणि नाजूक पोटवाल्यांची सोय होते, तेच मुरणं इथे घातक. या रुग्णांसाठी कॉटेज चीज, रिकोटा आणि क्रीम चीज तुलनेनं सुरक्षित, तेही डॉक्टरांना विचारून आणि ताजं असतानाच. उघडून बरेच दिवस फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात राहिलेला डबा त्यांनी ताजा धरू नये.